दिवा लागतो, भोंगा वाजत नाही

सोमवार, ६ जानेवारी २०२५. पिंप्राळा, जळगाव

डाळ मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होतो तोवर दर वर्षी एखादा व्यापारी डायरी देऊन जायचा. कुठल्या मोटारीचं बेअरिंग कधी बदललं, कुठला स्टार्टर जळाला, हे मी त्यात लिहायचो. एकतीस वर्षं लिहिलं. रिटायर झाल्यावर डायरी द्यायला कोणी आलं नाही आणि लिहिण्याजोगं कामही उरलं नाही. ही डायरी सुनेने, शिल्पाने आणली. "लिहीत जा बाबा, मन रमेल," असं काहीसं म्हणाली. ती हल्ली फार पुटपुटते. समोर उभी राहून बोलली तर कळतं, स्वयंपाकघरातून बोलली तर काय बोलते तिचं तिला माहीत. वर मलाच ऐकवते की टीव्ही केवढा मोठा लावता. प्रशील, माझा मुलगा, तिचीच री ओढतो. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणतो. मी गेलो नाही. सहासष्ट वय आहे हे मला माहीत आहे, ते डॉक्टरने कशाला सांगायला हवं?

आज शिल्पाने मोबाईल पुढे धरून अक्काचा निरोप दाखवला. शेजाऱ्यांकडून टाईप करून घेतला होता. भोंग्याच्या पेटीवर पिवळा दिवा लागलाय म्हणे.

म्हणजे बॅटरी संपली. चार वर्षं झाली, संपणारच.

अक्का म्हणजे भिकुबाई, माझी मोठी बहीण. धुळ्याला देवपुरात एकटी राहते. अठ्ठ्याहत्तरची आहे. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. हिने मला वाढवलं, दवाखान्यात आयाचं काम करून माझं आयटीआय केलं. नवरा लवकर गेला, मूल नाही. जळगावला चल म्हणून दहा वेळा सांगितलं, ऐकत नाही. चार वर्षांपूर्वी तिच्या गल्लीत दोन घरं फुटली, तेव्हा मीच जाऊन तिच्या घरावर चोरांचा भोंगा बसवला. दरवाजा फोडला तर वाजतो, आणि तिच्या गळ्यात दोरीने एक बटण दिलंय, ते दाबलं तरी वाजतो. पडली-झडली, छातीत दुखलं, काही झालं तरी बटण दाब म्हणून सांगून ठेवलंय. वीज गेली तरी वाजावा म्हणून बाहेरच्या पेटीत वेगळी बॅटरी असते. ती मेली म्हणजे माझी बहीण उघड्यावर पडल्यासारखीच. उद्या सकाळच्या गाडीने निघतो.


मंगळवार, ७ जानेवारी. धुळे

गाडीत शेजारचा माणूस पारोळ्यापर्यंत काहीतरी सांगत होता. मी मान हलवत होतो. कसला आवाज होता त्या गाडीचा, एक शब्द कळू देईना.

धुळ्याची थंडी आपल्याकडच्यासारखी नाही, हाडात जाते. अक्का ओट्यावर उन्हात बसली होती. मला पाहिल्यावर उठली, हात धरला, सोडेना. वाळलीय. पोलकं खांद्यावरून उतरतंय.

जेवण होताच शिडी मागितली. समोर लीलाधर राहतो, एस.टी.चा रिटायर कंट्रोलर, त्याची आहे. डेपोत गाड्या पुकारून पुकारून त्याचा आवाज असा भारदस्त झालाय की बोलला की भांडं घुमतं. आख्ख्या गल्लीत तो एकटा नीट बोलतो. "जयभीम चुडामणभाऊ, पडू नका," म्हणाला.

आत जाऊन भोंग्याचं भिंतीवरचं यंत्र दुरुस्तीच्या खटक्यावर टाकलं, कारण पेटीचं झाकण नुसतं उघडलं तरी भोंगा वाजतो, आत तसं स्प्रिंगचं बटण असतं. मग चार स्क्रू काढले. आत पालीची दोन अंडी होती, ती कागदात घेऊन कुंडीत ठेवली. जुनी बॅटरी फुगली होती. नवी जळगावहून आणलेली, लाल वायर लालला, काळी काळ्याला, वर मार्करने तारीख टाकली. झाकण लावलं. पिवळा दिवा गेला. पंधरा मिनिटांचं काम, अर्धा तास लागला. हात थोडे थरथरतात, पण काम अजून स्वच्छ आहे. उद्या वाजवून बघतो आणि दुपारच्या गाडीने परत.


बुधवार, ८ जानेवारी

नाही वाजला.

भोंगा चालू-बंद करायचं माझ्या खिशातलं दुसरं बटण दाबलं. पेटीवरचा लाल दिवा लखलखायला लागला, म्हणजे वायर ठीक, यंत्र ठीक. पण आवाज नाही. अंगणात उभा राहून पाच मिनिटं बघत होतो. समोरून लीलाधरची बायको नर्मदाबाई बाहेर आली, माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि आत गेली. हिचं काय मी घोडं मारलंय?

याचा अर्थ सरळ आहे. दिव्याला ताकद कमी लागते, भोंग्याला जास्त. बॅटरीत दिव्यापुरता दम आहे, भोंग्यापुरता नाही. बसवला तेव्हा याच भोंग्याने गल्लीतली कुत्री पळवली होती.

अक्का दारात उभी होती. पदर दोन्ही कानांवर घट्ट धरून. गार वारं लागत असेल. मी विचारलं, "अक्का, तुला आला का आवाज?"

तिने पदर कानांवरून खाली घेतला. मग म्हणाली, "नही वाजस भाऊ. आखो देख."

पुन्हा बघ म्हणतेय, म्हणजे माझंच बरोबर. बॅटरीचंच पाप आहे. आजची गाडी गेली. अक्काने रात्री कळण्याची भाकरी आणि ठेचा केला.


गुरुवार, ९ जानेवारी

आग्रा रोडला रोनक जैन म्हणून एकाचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. आजोबाच्या वेळचं मोठं दुकान, पोरगा बरा आहे, काका काका करतो. बॅटरी दाखवली. त्याने मीटर लावला, मीटर बारा पूर्णांक सात दाखवतो. मी म्हटलं, मीटरचं सांगू नकोस, भोंगा वाजत नाही. मग त्याने त्याच्याकडचा एक भोंगा काउंटरवर ठेवला, वायरी जोडल्या आणि लगेच काढल्या. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. मी म्हटलं, बघ, नाही ना वाजला?

त्याने भोंगा उचलून काउंटरखाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, एकदा काम दाखवून या."

काम दाखवून या! एकतीस वर्षं मी कामच दाखवलं. तीनशे अश्वशक्तीचा लोड माझ्या हाताखाली होता. हा मला काम दाखवायला सांगतो. परत तेच म्हणाला, बोलताना माझ्या कानावरच्या पेन्सिलीकडे बोट करत होता. मी पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. ती त्याने काउंटरवर ठेवली, काही लिहिलं नाही. शेवटी दुसऱ्या कंपनीची बॅटरी काढून दिली आणि जुनी ठेवून घेतली.

परत येताना वाईट वाटलं. माणूस कामावरून उतरला की कोणीही त्याला काही बोलावं.


शनिवार, ११ जानेवारी

दुसरी बॅटरीही तसलीच.

आज शिडीवर चढूनच वाजवून पाहिला. पेटीला कान लावला तर आत कुठेतरी चिलट गुणगुणावं एवढा आवाज आला, तेवढाच. अंगणात उतरलो तर तोही नाही. बॅटरी दम धरत नाही, की भोंगाच मेलाय? पंधरा-वीस मिनिटं वायरी हलवून, काढून, घासून बघितल्या. कानात रातकिडे मात्र वाजत असतात, दिवसाढवळ्या. जळगावला मे महिन्यातसुद्धा असतात. प्रशीलला एकदा विचारलं होतं, त्याला ऐकू येत नाहीत म्हणाला. पोरांचं लक्षच नसतं कशाकडे.

गल्लीने माझ्याशी अबोला धरलाय. खिडक्या लावून घेतात. कोपऱ्यावरचा किराणावाला मी समोर गेलो की दोन्ही हात कानावर नेतो, म्हणजे तुमचं काही ऐकायचंच नाही. मी काय मागतो त्याच्याकडे? काड्यापेटी.

लीलाधर फाटकाशी आला होता. मी शिडीवरून बघत होतो. "भाऊ, आते पुरे करा," एवढं मला ऐकू आलं. तेवढ्यात अक्का घाईघाईने फाटकापाशी गेली, त्याच्याशी काहीतरी बोलली. बोलता बोलता हात जोडले. माझ्याकडे बोट केलं, मग डोळे पुसले. लीलाधरने मान खाली घातली आणि परत गेला.

उतरल्यावर विचारलं काय म्हणत होता. "काही नही. शिडी पाहिजे व्हती त्याले," म्हणाली. शिडीसाठी एवढे हात कशाला जोडायचे?


रविवार, १२ जानेवारी

आज हात लावला नाही. अक्का म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे. बठ जराक मनापाशी."

बसलो. तिने चुलीत वांगी भाजली, भरीत केलं. आई कशी करायची ते ती बोलत होती, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. समोर बसली की बरंच कळतं. दात गेल्यामुळे तिचा आवाज अगदी विरलाय. पूर्वी सकाळची वंदना म्हणायची तर समोरच्या घरापर्यंत जायची. आता मूर्तीसमोर बसते, ओठ हलतात, बास. मनातल्या मनात म्हणते. माणूस असा हळूहळू विझत जातो, असं वाटून मला भरून आलं.

तिचा चेहरा मात्र या आठवड्यात उजळलाय. गालावर थोडं मांस आलंय. किती वर्षांनी पाठोपाठ इतके दिवस राहिलो मी इथे? हिशोब केला तर आठवेना. दर वेळी सकाळी यायचं, संध्याकाळी परत. भोंगा बसवला तेव्हाही एकच मुक्काम होता.

खरं लिहितो. भीती वाटते. एक बॅटरी बदलायची ती मला जमत नाही. इथे हात टेकले तर अक्काला कोणाच्या भरवशावर सोडून जाऊ? आणि मी तरी कोणाच्या कामाचा उरलो?


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आकाशभर पतंग. गच्च्यांवरची पोरं तोंड उघडून ओरडताना दिसतात.

पुन्हा शिडी. भोंगा ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो, ती सोय आज आतल्या यंत्रात काढून ठेवली. शिडीवर असताना तो मधेच थांबला की कळत नाही दोष कुठे आहे. आता बटणाने बंद करेपर्यंत चालू राहील. अर्धा तास चालू ठेवला. दिवा लखलखतोय, आवाजाचं नाव नाही. पहिल्या दिवसांत माणसं निदान बाहेर येऊन बघायची. आज कोणी मानही वर केली नाही. नर्मदाबाई समोर ओट्यावर तीळ निवडत बसली होती, कानात कापूस. ही थंडी सगळ्यांना कानातच कशी लागते?

रोनककडे जाऊन सांगितलं की आता भोंगाच नवा दे. नाशिकहून मागवावा लागेल, शनिवारी येईल म्हणाला. कागदावर लिहून दिलं त्याने, शनिवार. एवढं लिहून द्यायची काय गरज होती?

अक्काला सांगितलं, शनिवारपर्यंत थांबावं लागेल. ती एवढी हसली की मला तिचे उरलेले चारही दात दिसले. "मंग शनवारना नंतर आखो देखू," म्हणाली.

शिल्पाचा फोन आला. इथे नेटवर्क फारच खराब. हॅलो हॅलो करून ठेवून दिला.


गुरुवार, १६ जानेवारी. दुपार, तीन वाजून दहा

काल काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही. आजही तसंच. भोंगा आल्याशिवाय काम नाही.

जेवण झालं. अक्का मागे मोरीवर भांडी घासायला गेलीय, मी घासतो म्हटलं तर हाकलून दिलं. मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून लिहितोय. देवपुरातली दुपार अशी शांत असते की पिंप्राळ्याच्या माणसाला करमू नये. ना रिक्षा, ना भाजीवाला, ना कुत्रं. फक्त ते रातकिडे.

अक्काला जळगावला न्यायचंच, असं मनात ठरत चाललंय. या वेळी विचारणार नाही, सांगणार. शिल्पा चांगली पोर आहे, पुटपुटते एवढंच. मागची खोली अक्काला देता येईल. तिचं सामान ते किती, मूर्ती, दोन पेट्या आणि पाटा-वरवंटा.

समोर लीलाधरच्या खिडकीच्या काचेत लाल लखलखाट दिसतोय. म्हणजे आपल्या पेटीवरचा दिवा लागलाय. खिशातलं बटण बसल्या बसल्या दाबलं गेलं वाटतं. बंद केला.

परत लागला. पुन्हा बंद केला.

परत लागला! म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट आहे. हेच ते, आठ दिवस ज्याने छळलं ते. आता शिडी लावायचा कंटाळा आलाय, आवाज नाहीच, लखलखू दे. चार वाजता ऊन उतरलं की बघतो.

नर्मदाबाईने खिडकी लावली. लावताना माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिची म्हैस सोडून दिलीय. मी तिला हात केला, तिने उत्तर दिलं नाही. हिला एकदा विचारायला हवं समोर बसवून.

जळगावला नेल्यावर अक्काचं रेशनकार्डही बदलावं लागेल. प्रशीलच्या ओळखीचा एकजण आहे. आणि हे घर भाड्याने देऊ, विकायचं नाही, तिच्या कष्टाचं आहे. भाडं तिच्या हातात पडलं तर कोणाकडे मागायला नको. हे सगळं आज चहाच्या वेळी सांगतो.

चार भांडी घासायला इतका वेळ? पावणेचार झाले. चहाची वेळही टळली. बघून येतो


शुक्रवार, १७ जानेवारी. सिव्हिल हॉस्पिटल

काल लिहायचं अर्धं राहिलं.

अक्का मोरीजवळ आडवी पडली होती. पाणी सांडून शेवाळावरून पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलंय. मी गेलो तेव्हा तिचा अंगठा गळ्यातल्या बटणावर होता आणि ओठ हलत होते. अंग ओलं, बर्फासारखं. मी धावत जाऊन लीलाधरचं दार ठोठावलं.

त्यानेच रिक्षा आणली, त्यानेच उचललं. इथे वॉर्डबाहेर बाकावर तो माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "चुडामणभाऊ, अर्धा तास भोंगा बोंबली राह्यंता."

मी म्हटलं, भोंगा बंद आहे.

"बंद नही शे. पयल्या दिनपाईन वाजी राह्यना. आम्हले वाटनं, तुमनी टेस्टिंग चालू शे. मधमा दोन डाव बंद बी व्हयना, मंग आम्हनी खात्रीच व्हयनी का तुम्हीच शेतस. म्हनीसन कोनी धावीसन वनं नही." एवढं बोलून तो रडायला लागला. सहा फुटांचा माणूस. "तुम्हले ऐकू येत नही, भाऊ. बठ्ठी गल्लीले माहीत शे. अक्कानी आम्हनापुढे हात जोडात, त्याले काही नका सांगू म्हने."

मी त्याला म्हटलं, तू खोटं बोलतोस. एवढंच म्हणालो आणि तिथून उठून गेलो.


शनिवार, १८ जानेवारी

आज सकाळी घरी गेलो. शिडी लावली. वर जाऊन डावा हात पेटीवर ठेवला आणि उजव्या हाताने खिशातलं बटण दाबलं.

पेटी हाताखाली थरथरायला लागली. झाकण, स्क्रू, शिडीचा वरचा दांडा, माझी मनगटापर्यंतची हाडं, सगळं थरथरत होतं. खाली बघितलं. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने दोन्ही कान झाकले. तिच्या कडेवरचं लेकरू तोंड फाडून रडत होतं. मला त्याचं रडणंही ऐकू येत नव्हतं. मी बटण दाबून बंद केलं आणि शिडीवरच उभा राहिलो. उतरायचं भान नव्हतं.

मी दोनदा बंद केला. ती मोरीवर पडून मला बोलावत होती आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या दोनदा बंद केला. वरती डायरीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

खरं लिहायचं तर सगळं लिहितो. मला अक्काचा रागही आला. तोंडावर का नाही सांगितलं, की चुडामण, तू बहिरा झालास? आठ दिवस मला शिडीवर चढवलं, लोकांत माझं हसं केलं. हातची बॅटरी चांगली असताना रोनकशी भांडायला लावलं. का? संध्याकाळपर्यंत हा राग होता. हॉस्पिटलात गेलो, तिचे पांढरे केस उशीवर पसरलेले पाहिले आणि राग गेला. मग फक्त लाज उरली.


रविवार, १९ जानेवारी

डॉक्टर म्हणतात ऑपरेशन उद्या. वयाचं आणि छातीचं सांगत होते. प्रशील आणि शिल्पा येऊन गेले, सह्या केल्या. प्रशीलला मी अजून काही सांगितलेलं नाही. अक्कालाही नाही. मला आता कळलंय हे तिला कळलं तर तिला आणखी वाईट वाटेल, असं वाटलं.

संध्याकाळी तिच्याजवळ बसलो होतो. नर्मदाबाई पेज घेऊन आली होती, ती पायाशी उभी होती. वॉर्डात गर्दी, पंखे, स्ट्रेचर. अक्काने माझा हात धरला आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. नाकातली नळी ओठांवर आल्यामुळे ते नीट दिसत नव्हते. मी वाकलो, कान तिच्या तोंडाला लावला, तिचा गरम श्वास लागला, शब्द एकही लागला नाही.

परत बोल म्हणायला हवं होतं. पण तिला दम लागला होता, एवढं सगळं पुन्हा बोलायला लावणं जिवावर आलं. आणि लाजही वाटली, नर्मदाबाई बघत होती. मला वाटलं, घरी ने म्हणत असेल, किंवा आता इथेच राहशील ना असं विचारत असेल. ती थांबली, माझ्याकडे बघायला लागली. काहीतरी विचारलं होतं एवढं नक्की. मी म्हटलं, "हो अक्का, हो."

तिने डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. समाधान वाटलं असावं. मीही मग थोडा निवांत झालो. बरी होऊ दे, तिला पिंप्राळ्याला घेऊन जातो.


शुक्रवार, २४ जानेवारी. देवपूर

अक्का मंगळवारी पहाटे गेली. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आलीच नाही.

चार दिवस माणसं येऊन बसतात आणि जातात. सगळ्यांशी मी मान हलवतो. शिल्पा माझ्या शेजारी बसून कोण काय म्हणालं ते वहीवर लिहून दाखवते. पोर खरंच चांगली आहे. पुटपुटत नव्हती कधीच.

आज नर्मदाबाई आली. बसली नाही. दारातच उभी राहून माझ्याकडे बोट करून बोलायला लागली, तोंड लाल झालेलं, डोळ्यांतून पाणी. लीलाधर तिला मागे ओढत होता. शिल्पाने लिहायला पेन उचललं आणि लिहिलं काहीच नाही. मी म्हटलं, काय म्हणतात त्या, लिही. ती लिहीना. मग मी लीलाधरला म्हटलं, तू सांग. तुझं मला ऐकू येतं.

लीलाधर माझ्यासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, ही म्हणते, मरणाऱ्या माणसाला असं बोलतात का? मी म्हटलं, मी काय बोललो? त्याने बायकोकडे बघितलं, मग अक्का त्या संध्याकाळी हॉस्पिटलात जे बोलली होती ते शब्दाला शब्द सांगितलं. नर्मदाबाईने पायाशी उभं राहून सगळं ऐकलं होतं.

"भाऊ, भोंगा वाजे. मीच खोटं बोलनू. भोंगा नीट व्हयना का तू निंघी जाशी, म्हनीसन सांगं नही. तेवढाच चार दिन तू घरमा व्हता. तुले मना राग वना का रे?"

माझा राग आला का, असं तिने विचारलं आणि मी हो म्हणालो. दोनदा म्हणालो.